संकलन, कौशल्य आणि मर्यादा

कौशल्य वाढते म्हणजे नेमके काय वाढते, हा प्रश्न नीतिविचारात जुनाच आहे. ऑनलाइन अद्भुतखेळांतील ‘संकलन-व्यवसायां’मुळे तो नव्या रूपात उपस्थित होतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या खेळाच्या मूळ रचनेत वनस्पती गोळा करणाऱ्या पात्राचे कौशल्य १ ते ३०० असे मोजले जाते. वनस्पती खुडली की आकडा वाढू शकतो. कौशल्य पुरेसे वाढले की तीच वनस्पती खेळाडूच्या लेखी ‘राखाडी’ ठरते; ती कितीही खुडली तरी आकडा हलत नाही. मग वरच्या पातळीच्या वनस्पतीकडे वळायचे. खुडलेली वनस्पती मात्र काही काळाने पुन्हा उगवतेच.

उर्सुला ल ग्विन यांनी १९८६ मध्ये ‘द कॅरिअर बॅग थिअरी ऑफ फिक्शन’ या निबंधात शिकाऱ्याच्या वीरकथेसमोर गोळा करणाऱ्याची पिशवी ठेवली. कथेचे आद्य रूप भाल्याचे नसून पिशवीचे आहे, असा त्यांचा आशय होता. वीरकथेच्या मध्यभागी खुडण्या-वेचण्याला जागा देणारा हा खेळ ती अपेक्षा पुरी करतो, असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः तो पिशवीचीच शिडी करतो. पिशवीत काय आले यापेक्षा आपण कितव्या पायरीवर आहोत, याला महत्त्व येते आणि वेचण्याची कृती पुन्हा वीराच्या चढत्या आलेखात सामावली जाते.

शिडीवाचूनचे संकलन कसे असते, हे पाहण्यासाठी मालवणच्या किनाऱ्याकडे वळता येईल. कोळंब, कालावल, कर्ली या खाड्यांच्या परिसरात तिसऱ्या आणि कालवे वेचण्याचे काम ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी दूरवर हटते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ते तितके हटत नाही. पायाखालच्या चिखलाची जात ओळखणे, पाणी वळण्यापूर्वी परतणे, बारीक शिंपला पुढच्या हंगामासाठी राहू देणे, हे सारे या कौशल्यात येते. यातील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. न उचलणे हा येथे कौशल्याचा अभाव नसून त्याचा परिपाक आहे. खेळातील खेळाडूही राखाडी वनस्पती सोडून देतो, परंतु ती त्याला निरुपयोगी झाली म्हणून. बारीक तिसरी सोडली जाते ती उद्या उपयोगी पडेल म्हणून, आणि तो उद्याचा दिवस सोडणाऱ्याचा एकट्याचा नसतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खेळात कोणाचीच हानी होत नाही. जे संपत नाही ते राखायचे कशाला? दुसरा असा की, ज्या घरात चूल आजच पेटवायची आहे तेथे संयमाचे गोडवे गाणे ही सुखवस्तू भावुकता आहे. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. मालवणचा समुद्रही शिडीच्या तर्कापासून मुक्त राहिलेला नाही. एकीकडे दोर ओढणाऱ्याला वाटा देणारी रापण आणि दुसरीकडे यांत्रिक पर्ससीन जाळे, असा संघर्ष या किनाऱ्याने अनुभवला आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाला पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. म्हणजेच संयम हा किनाऱ्याचा उपजत गुण नव्हे. वाटा, हंगाम आणि नियम यांच्या आधाराने तो घडवावा लागतो.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर खेळांच्या इतिहासातच सापडते. ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) या खेळाच्या कर्त्यांनी आपल्या जगात प्राण्यांची परस्परावलंबी परिसंस्था योजली होती. खेळाडूंनी प्राणी इतक्या वेगाने मारले की ती व्यवस्था टिकली नाही आणि ती योजना सोडून द्यावी लागली. अर्थात, सृष्टी संपू शकते तेव्हा खेळाडू आपोआप संयमी होतो असे नाही. परंतु सृष्टी अक्षय केल्याने प्रश्न सुटत नाही, तो केवळ नाहीसा केला जातो आणि त्याबरोबर ‘कौशल्य’ या शब्दाचा अर्धा अर्थही गळून पडतो.

म्हणून अशा खेळांकडे संहिता म्हणून पाहणाऱ्या समीक्षेने हिंसेचीच मोजदाद करून थांबू नये. त्यांतील निरुपद्रवी वाटणारे वेचणे अधिक सूक्ष्म शिकवण देते: वाढ म्हणजे आकडा, आणि शिल्लक ठेवणे म्हणजे संधी दवडणे. तीनशेव्या पातळीवर पोहोचलेल्याला सारे उचलता येते. काय उचलू नये हे ठरविण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर कधी आलेलाच नसतो.