आजचं चिंतन: मुलाच्या विरुद्ध साक्ष देणारा बाप



गेले काही दिवस आपण उद्योगपर्वातली विदुरनीती थोडी थोडी वाचतोय. आज त्यातली सुधन्वा आणि विरोचनाची गोष्ट आहे. ही पोस्ट मी दोन वेळा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवली होती, कारण तिच्यात माझ्या घरातलं काही सांगावं लागतं. आज सांगतो.

आधी गोष्ट. विरोचन हा प्रल्हादाचा मुलगा, सुधन्वा अंगिरस ऋषींचा. केशिनी नावाच्या मुलीच्या स्वयंवरावरून दोघांत वाद झाला की श्रेष्ठ कोण. वाद इतका वाढला की दोघांनी प्राणांची पैज लावली. हरेल त्याचा जीव जिंकेल त्याच्या हातात. आता निवाडा कुणी करायचा? दोघे गेले थेट प्रल्हादाकडे, म्हणजे विरोचनाच्या बापाकडे. सुधन्व्याची हिंमत बघा. प्रतिस्पर्ध्याच्या बापालाच त्यानं साक्षीदार मानलं.

प्रल्हाद अडचणीत सापडला. एकीकडे पोटचा मुलगा, दुसरीकडे दारात उभा ऋषिपुत्र. त्यानं आधी सुधन्व्याचं स्वागत करून विषय टाळायचा प्रयत्न केला. सुधन्वा म्हणाला, ते सगळं राहू दे, प्रश्नाचं उत्तर दे. मग प्रल्हादानं विचारलं, जो खरं बोलत नाही, खोटा निवाडा देतो, त्याची रात्र कशी जाते? सुधन्व्यानं उत्तर दिलं की सगळं हरलेल्या जुगाऱ्याची रात्र जशी जाते, ओझ्यानं अंग मोडून आलेल्या माणसाची जशी जाते, तशी. पुढे तो हिशोबच मांडतो. जनावरासाठी खोटं बोललास तर पाच जणांना बुडवतोस, गाईसाठी दहा, घोड्यासाठी शंभर, माणसासाठी हजार. आणि जमिनीसाठी खोटं बोललास तर सगळ्यांनाच.

जमीन या शब्दापाशी मी थांबलो.

करवीर तालुक्यात आमचं गाव आहे. मी शहरात राहतो, घरूनच कंपनीचं काम करतो. गावाकडची शेती माझे चुलते बघतात, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची माझी फी तात्यांनी एक म्हैस विकून भरली होती. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मलाही काकूंकडूनच कळलं.

शेजारच्या रानवाल्याशी बांधावरून आमचा वाद कोर्टात आहे. यंदा मे महिन्यात तात्यांनी स्वतःच उसाच्या कडेला हद्दीचे दगड रोवले आणि त्याचे फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवले. रात्री फोन आला. "बाळ, तू कॉम्प्युटरवाला न्हवं? ह्या फोटोची तारीख तेवढी मागं घे की. 2017 ची कर. आणि एक प्रतिज्ञापत्र दे, 2017 पासनं दगड हितंच हायत म्हणून." मी गप्पच होतो, तर पुढे म्हणाले, "त्याच्या पोरानं काठी उगारली अशी एक तक्रार पण ठोकूया. आपोआप नरम येतोय बघ."

मी म्हणालो, "तात्या, पण दगड तर तुम्ही आत्ता..."

"जमीन आपलीच हाय रं. कागद न्हाई एवढंच. खोटं कुठं हाय?"

तात्यांना खरोखर तसं वाटतं, हे लक्षात घ्या. ते चोर नाहीत. आजोबांनी तोंडी सांगितलेली हद्द ते मानतात. खऱ्यासाठी थोडं खोटं, एवढाच त्यांचा हिशोब.

आता माझी कबुली. त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि फोटोच्या कॉपीवर तारीख बदलून बघितली. एक ओळीची कमांड. स्क्रीनवर 2017 दिसलं आणि पोटात कसंतरी झालं, कारण ते फारच सोपं होतं. पाठवलं मात्र नाही. तात्यांना काय सांगितलं? "फोटो नीट डाउनलोड होत नाहीये." म्हणजे खोटा पुरावा टाळायला मी तात्यांशी खोटंच बोललो. असे पंधरा दिवस काढले.

त्या दिवसांत कायदा उघडून बघितला. तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल, मलाही वाटायचं, की खोटी साक्ष म्हणजे कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहून खोटं बोलणं. व्याप्ती त्याहून मोठी आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 229 प्रमाणे न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिला, किंवा तिथे वापरला जावा म्हणून तो नुसता तयार केला, तरी सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पुरावा या शब्दात इलेक्ट्रॉनिक नोंदही आली, म्हणजे माझी ती एक ओळीची कमांडसुद्धा. शपथेवरचं खोटं प्रतिज्ञापत्रही यातच बसतं. काठी उगारल्याची खोटी तक्रार कलम 248 मध्ये येते. पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खोटा आरोप जर फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत. उलट बाजूनं, कोर्टात पुरावा म्हणून हजर करावा लागेल असा कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद ती वापरता येऊ नये म्हणून नष्ट केली तर कलम 241, तीन वर्षांपर्यंत. लॉग डिलीट करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून ठेवावं.

कायदा एक गोष्ट मात्र नीट बघतो. माहीत असून बोललात का? आठवण चुकली, अंधारात माणूस ओळखता आला नाही, खरी तक्रार सिद्ध झाली नाही, हे गुन्हे नव्हेत. नाहीतर भीतीनं कुणी तक्रारच करणार नाही. आणि कोर्टात दिलेल्या खोट्या साक्षीबद्दल समोरचा पक्ष परस्पर खटला भरू शकत नाही, फिर्याद त्या न्यायालयानंच द्यावी लागते.

एवढी काळजी का? त्याचं उत्तर आपल्या कोल्हापूरशी जोडलेल्या एका जुन्या खटल्यात मिळतं. ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित, म्हणजे बाबा महाराज, 1897 साली वारले. मृत्युपत्राप्रमाणे लोकमान्य टिळक विश्वस्तांपैकी एक झाले. 1901 च्या जूनमध्ये औरंगाबादला जगन्नाथ महाराजांचं दत्तक झालं. पण बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी पुढे ते दत्तक नाकारलं आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या घराण्यातल्या बाळा महाराजांना दत्तक घेतलं. कोल्हापूर दरबार बाळा महाराजांच्या बाजूला होता. टिळक शपथेवर सांगत राहिले की औरंगाबादचं दत्तक झालेलं आहे. 1902 साली जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी त्यांच्यावरच खोटी साक्ष, खोटा पुरावा आणि बनावट दस्तऐवज अशा आरोपांचा खटला चालवायला लावला. 1903 च्या ऑगस्टमध्ये मॅजिस्ट्रेटनी खोट्या साक्षीबद्दल अठरा महिने सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. 1904 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शिक्षाच रद्द केली.

दिवाणी दावा तरी संपला नव्हता. 1906 साली निकाल औरंगाबादच्या दत्तकाच्या बाजूनं, 1910 साली उच्च न्यायालयात उलटा, तोही टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना. शेवटी 1915 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं औरंगाबादचं दत्तक खरं धरलं. शपथेवर खरं बोललेल्या माणसाला खोटारडा हा शिक्का पुसायला इतकी वर्षं लागली.

त्या निकालातलं एक तत्त्व आजही आपल्या कोर्टांत सांगितलं जातं. साक्षीदाराविरुद्ध एखादा कागद वापरायचा असेल तर तो त्याच्यासमोर ठेवा आणि खुलासा करायची संधी द्या. न विचारता त्याला खोटा ठरवू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट बघून आपण किती वेळा निकाल देतो? त्या माणसाला कधी विचारतो का, बाबा, हे काय आहे?

आपण कोल्हापूरकर. शाहू महाराजांचं ऋण आपल्या रोमारोमात आहे. मग दरबार ज्या बाजूला होता ती बाजू हरली, हे सांगताना थोडं अडखळायला होतं. मला वाटतं, हे अडखळणं म्हणजेच प्रल्हादाची परीक्षा. महाराजांची थोरवी या एका दाव्यानं कमी होत नाही. पण आपल्या माणसाचा मान राखायचा म्हणून निकाल फिरवून सांगायचा नसतो.

आता गोष्टीकडे परत येऊ. प्रल्हाद मुलाला सांगतो, सुधन्वा तुझ्याहून श्रेष्ठ आहे, त्याचे वडील माझ्याहून श्रेष्ठ आहेत, त्याची आई तुझ्या आईहून. आता तुझा प्राण त्याच्या हातात. स्वतःच्या मुलाचं मरण त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मग सुधन्व्याकडे वळून मागणं केलं, माझा मुलगा मला परत दे. आणि सुधन्व्यानं दिला! तू मुलाच्या लोभानं खोटं बोलला नाहीस म्हणून देतो, असं म्हणाला. प्रल्हाद खोटं बोलला असता तर? विरोचन जिवंत राहिला असता, पण बापाच्या खोट्यावर जगला असता. खरं बोलल्यानं प्रल्हादाला मुलगाही मिळाला आणि झोपही.

विदुर ही गोष्ट कुणाला सांगतोय? धृतराष्ट्राला. पुत्रप्रेमात आणि जमिनीच्या लोभात बुडालेल्या बापाला. त्यानं ऐकली आणि सोडून दिली.

हीच गोष्ट विदुर आधी एकदा सांगून बसलाय, सभापर्वात. द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते आणि भीष्म, द्रोण, सगळे खाली मान घालून बसतात, तेव्हा. तिथे तो आणखी एक गोष्ट जोडतो. सभेत बसून खोटं उत्तर देणाऱ्याला असत्याचं पूर्ण फळ, आणि माहीत असून गप्प बसणाऱ्याला अर्धं. हे वाचलं आणि माझे पंधरा दिवस आठवले. "डाउनलोड होत नाहीये" म्हणत मी माझा अर्धा वाटा गोळा करत होतो. तात्या दुसऱ्या कुणाकडून तारीख बदलून घेऊ शकले असते, आणि मी मनात म्हणालो असतो, मी कुठं केलं?

पुढच्या रविवारी गावाला गेलो. तात्या गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं. बदललेली कॉपी, डाउनलोडचं खोटं, आणि हेही की मी प्रतिज्ञापत्र देणार नाही. कलमंही सांगितली. म्हणालो, "तात्या, मोबाईलचा मूळ फोटो कोर्टानं तपासायला पाठवला तर मेची तारीख बाहेर येईल. मग जमीन राहिली बाजूला, तुम्ही आत जाल. भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करूया. फी मी भरतो."

तात्या बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "एवढं शिकवून हेच ऐकायचं होतं व्हय?" आणि आत निघून गेले.

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तेव्हापासून त्यांनी मला फोन केलेला नाही. मात्र काठीची तक्रार त्यांनी केली नाही आणि फोटोही कोर्टात दिला नाही. मोजणीच्या अर्जावर त्यांनी सही केली, हे काकूंनी सांगितलं. मोजणी अजून व्हायची आहे. तात्यांचं म्हणणं बरोबरही निघेल, चूकही निघेल. परवा दूध घेऊन शहरात येणाऱ्या गाडीतून काकूंनी खरवसाचा डबा पाठवला. गाडीवाला म्हणाला, "तात्यांनीच आणून दिला स्टँडवर."

मंडळी, घरचा माणूस खोटं मागतो तेव्हा नकार देणं फार जड जातं, कारण ते प्रेमाच्या खात्यावर मागितलेलं असतं. त्या वेळी प्रल्हाद आठवावा. त्यानं मुलावरचं प्रेम सोडलं नाही, त्याच्यासाठी हात पसरले. फक्त आधी खरं बोलला, मग हात पसरले. मी जाताना आधी खरं बोलायला पंधरा दिवस उशीर केला होता. तुम्ही करू नका.

आजचा संकल्प छोटासाच. आज दिवसभरात कुणाला खोटारडा म्हणायच्या आधी त्याला एकदा स्वतः विचारायचं. आणि जिथे आपल्याला खरं माहीत आहे आणि विचारलं गेलंय, तिथे गप्प राहायचं नाही, मग समोर ऑफिसमधला मॅनेजर असो की घरातलं वडीलधारं माणूस.

आई अंबाबाई, जिभेवर खरं राहू दे आणि ते बोलताना मनात माया राहू दे. तात्यांच्या रानाचा निकाल काहीही लागो, त्यांच्या दारात मला पुन्हा चहा मिळू दे.

उद्या विदुरनीतीचा पुढचा भाग. राम कृष्ण हरी.