प्रतिस्पर्ध्यासाठीं प्रार्थना

शास्त्रपाठ : १ करिंथ ९:२४–२७, नीतिसूत्रें २४:१७



घोडबंदर रोड हें नांव आमच्या खेड्यांतील पुष्कळ वाचकांनीं शहरांत शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांच्या तोंडून ऐकलें असेल. ठाण्याच्या माजिवड्यापासून निघून हा रस्ता एका बाजूस येऊरचे डोंगर व दुसऱ्या बाजूस खाडी ठेवून घोडबंदरच्या जुन्या किल्ल्याकडे जातो. तो किल्ला पोर्तुगीजांचा. १७३७ सालीं मराठ्यांनीं तो घेतला. आज त्या वाटेनें जाणाऱ्यास किल्ल्यापेक्षां मेट्रोचे खांब, मालवाहू गाड्यांच्या रांगा आणि आभाळास भिडूं पाहणाऱ्या इमारतीच अधिक दिसतात. याच इमारतींच्या मध्यें जाळीनें वेढलेलीं, कृत्रिम हिरव्या गवताचीं लहान लहान मैदानें आहेत. त्यांस येथें टर्फ म्हणतात, व तीं तासाच्या भाड्यानें मिळतात. अशाच एका टर्फवर एका महाविद्यालयाचा फुटबॉल संघ हंगामाच्या पहिल्या सामन्याची तयारी करीत आहे. त्या संघांत आपल्या मंडळ्यांतील घरचीं मुलें आहेत, म्हणून हा विषय या पत्रांत घेण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. पहिलाच सामना जुन्या प्रतिस्पर्धी महाविद्यालयाशीं आहे.

फुटबॉलची तयारी म्हणजे चेंडूस लाथ मारण्याची संवय, असें कित्येकांस वाटतें. तसें नाहीं. पहाटे साडेपांचाच्या सुमारास, रस्ता गाड्यांनीं भरून जाण्यापूर्वीं, मुलें जमतात, आणि पहिला सबंध तास चेंडू जाळीच्या पिशवींतच राहतो. धांवणें, एकदम थांबणें, वळणें, पुन्हां धांवणें, एवढेंच चालतें. सामना ९० मिनिटांचा. त्यांत मधल्या फळीचा चांगला खेळाडू सुमारें १० किलोमीटर धांवतो. परंतु चेंडू प्रत्यक्ष त्याच्या पायांशीं किती वेळ असतो हें मोजलें तर दोन-तीन मिनिटांहून क्वचितच अधिक भरतें. बाकीचा सर्व वेळ आपली जागा धरणें, साथीदारासाठीं वाट मोकळी करणें, जो चेंडू आपल्याकडे बहुधा येणारच नाहीं त्यासाठीं तयार असणें, यांतच जातो. जी बहीण वीस वर्षें देवळाची झाडलोट करीत आली आहे आणि जिचें नांव कोणत्याही अहवालांत छापलें गेलें नाहीं, तिला हें गणित आमच्यापेक्षां लवकर समजेल.

टर्फची आणखी एक अडचण आहे. पूर्ण मैदान सुमारें शंभर मीटर लांब असतें. टर्फ त्यापुढें अंगणासारखें. तेथें लांबचा पास शिकतां येत नाहीं, कारण चेंडू जाळीस लागून परत येतो. म्हणून पूर्ण मैदानासाठीं या मुलांना बसनें दूर जावें लागतें. तें मैदान बहुधा रविवारीं सकाळींच मिळतें, व त्यामुळें उपासनेस खंड पडतो, ही तक्रार आईबापांनीं आमच्याकडे केली आहे. ती रास्त आहे. रविवारीं धांवण्यास नकार देणाऱ्या एरिक लिडेलची गोष्ट आमचे वाचक इतक्या वेळां ऐकून आहेत कीं ती आम्ही पुन्हां सांगत नाहीं. संध्याकाळची उपासना मोकळी आहे, आणि मुलांनीं तिला यावें, एवढेंच म्हणतों. आमचें खरें बोलणें दुसऱ्या गोष्टीविषयीं आहे.

प्रतिस्पर्धी महाविद्यालयाविषयीं मुलांमध्यें मोबाईलवर जो मजकूर फिरत होता, तो आम्हांस दाखविण्यांत आला. त्यांत थट्टा होती. ती आम्हांस आवडली. तरुणांनीं थट्टा करूं नये असें म्हणणारा पाळक आपलें तारुण्य विसरला आहे. परंतु सर्वच मजकूर थट्टेचा नव्हता. त्यांत पलीकडच्या मुलांच्या आयांविषयीं, त्यांच्या वस्तीविषयीं व त्यांच्या जातीविषयीं शब्द होते. ते शब्द आम्ही येथें लिहीत नाहीं. बंधूंनो, तेच शब्द वेशीबाहेर राहणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनीं ऐकले, आणि त्या शब्दांच्या ओझ्याखालून त्यांना उठवून उभें करणारी सुवार्ता जेव्हां गांवांत आली तेव्हां ते तिच्याकडे धांवले. त्यांच्याच नातवांच्या बोटांनीं ते शब्द पुन्हां लिहिले जावेत, आणि तेंही एका चेंडूपायीं? 'सामन्याची तयारी म्हणून रक्त तापविण्यासाठीं असें बोलावें लागतें,' असें एकानें उत्तर दिलें. हें उत्तर तपासून पाहूं.

पौल प्रेषित करिंथ येथें दीड वर्ष राहिला. त्या नगराजवळ दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत. दूरदूरचे लोक तेथें येत, आणि जिंकणाऱ्यास पानांचा मुगुट मिळे, जो घरीं पोहोंचेपर्यंत सुकून जाई. ऑलिंपियाच्या खेळांत तर दहा महिने नियमानें तयारी केल्याची शपथ मल्लांस घ्यावी लागे. हें सर्व पौलास ठाऊक होतें, आणि करिंथकरांस पत्र लिहितांना त्यानें धांवण्याची व मुष्टियुद्धाची उपमा घेतली. आतां त्या वचनांत ठोसे कोणास बसतात तें लक्ष देऊन वाचावें. मूळ ग्रीक भाषेंत तेथें जो शब्द आहे, त्याचा अर्थ डोळ्याखालीं ठोसा मारणें असा होतो. परंतु पौल तो ठोसा आपल्याच शरीरास मारतो. समोरच्या मल्लाचें तेथें नांवही नाहीं. ज्याला तो जिंकूं पाहतो तें त्याचें स्वतःचें आळशी, खादाड व रागीट शरीर आहे. त्याला भीति वाटते ती हरण्याची नव्हे. दुसऱ्यांस नियम सांगून आपण स्वतः बाद ठरूं, ही त्याची भीति आहे.

आणखी एक गोष्ट. जो खेळांत झगडतो, असें पौल म्हणतो तेथें ज्या धातूचा शब्द आहे, त्याच धातूपासून निघालेला शब्द लूक गेथशेमानेंतील आपल्या प्रभूच्या व्यथेसाठीं वापरतो. ती रात्रही एक झुंज होती. त्या झुंजीच्या अखेरीस शिष्यांपैकीं एकाचें रक्त तापलें, त्यानें तरवार उपसली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला. प्रभूनें काय केलें? पकडावयास आलेल्या त्या मनुष्याच्या कानास हात लावून तो बरा केला. ज्याची झुंज सर्वांहून कठीण होती, त्याला द्वेषाची गरज लागली नाहीं.

'पण पाळकसाहेब, ही प्रभूची गोष्ट झाली. मैदानावर असें चालत नाहीं,' असें आमचे तरुण म्हणतील. म्हणून मैदानावरचीच गोष्ट सांगतों. ती क्रिकेटची आहे, फुटबॉलची नव्हे. परंतु ती आपल्याच माणसाची आहे.

विजय सॅम्युएल हजारे हे सांगलीचे, १९१५ सालीं मराठी प्रॉटेस्टंट घराण्यांत जन्मलेले. त्यांच्या तरुणपणीं मुंबईंत क्रिकेटचे मोठे सामने धर्मावरून बनविलेल्या संघांत होत : हिंदु, पारशी, मुसलमान व युरोपियन, आणि १९३७ पासून उरलेल्यांचा म्हणून 'रेस्ट' असा एक पांचवा संघ, ज्यांत हिंदी ख्रिस्ती खेळत. उरलेले! हें नांवच किती बोलकें आहे. महात्मा गांधींनीं १९४० सालीं असे धर्मवार सामने बंद व्हावेत असें मत दिलें, आणि १९४६ नंतर ते झाले नाहींत. तें बरेंच झालें, असें आम्हांस वाटतें. तर १९४३ च्या हंगामांत रेस्टतर्फे हजाऱ्यांनीं मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धांवा केल्या. अंतिम सामन्यांत हिंदूंच्या विजय मर्चंट यांनीं नाबाद २५० करून त्यांना मागें टाकलें. मग रेस्टचा दुसरा डाव आला. सबंध संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. त्यांचे भाऊ विवेक एका बाजूस उभे राहिले, आणि दोघांच्या ३०० धांवांच्या भागीदारींत विवेकचा वांटा २१ होता. तरी रेस्टचा संघ एक डाव व ६१ धांवांनीं हरला. त्याच हंगामांत मर्चंटांनीं महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या.

या दोघांपैकीं एकजण नसता तर दुसऱ्याच्या हातून इतकें झालें असतें काय? प्रत्येकानें दुसऱ्याची उंची वाढविली. आणि पुढें १९५१ सालीं दिल्लीस इंग्लंडविरुद्ध हेच दोघे एका संघांत, एकाच डावांत, एकमेकांच्या समोरच्या टोकास उभे राहून खेळले. मर्चंटांनीं १५४ केल्या, आणि कर्णधार हजारे १६४ वर नाबाद राहिले. १९४३ मध्यें त्यांच्यांत विष कालविलें गेलें असतें, तर दिल्लीस तें त्यांच्या संगतीस आलें असतें.

उलट बाजूही पाहूं, आणि ती फुटबॉलचीच आहे. कोलकात्याच्या मोहन बागान संघानें २९ जुलै १९११ रोजीं ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २–१ असें हरविलें, हें पुष्कळांस ठाऊक आहे. दहा खेळाडू अनवाणी व एकटाच बूट घातलेला. तो सुधीर चॅटर्जी, आपला ख्रिस्ती बंधु, जो रेव्हरंड म्हणूनही ओळखला जातो. त्या दिवशीं सर्व हिंदुस्थानास आनंद झाला. परंतु त्याच संघाचा १६ ऑगस्ट १९८० रोजीं आपल्याच नगरांतील ईस्ट बंगाल संघाशीं सामना होता, समोर कोणी परकी पलटण नव्हती. मैदानावरील झटापटीची ठिणगी प्रेक्षकांत पडली, मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि सोळाजण घरीं परतले नाहींत. त्या दिवसाच्या स्मरणार्थ कोलकात्यांत रक्तदान केलें जातें. आपल्या कोल्हापुरास फुटबॉलचें वेड तितकेंच आहे. तेथें संघ तालमींचे, म्हणजे पेठांचे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला म्हणजे गल्ल्या ओस पडतात. तेथेंही प्रेक्षकांच्या हाणामारीनें खेळास गालबोट लागल्याचीं उदाहरणें आहेत. खेळाडू शिट्टी वाजली कीं थांबतो. बाहेर उभा असलेला ज्यानें आठवडाभर फक्त रागच खाल्ला, त्याला कोणती शिट्टी थांबवणार?

आतां मुलांनीं विचारलेला एक प्रश्न राहिला : विजयासाठीं प्रार्थना करावी काय? करावी, असें आम्ही म्हणतों; मुलानें बापाजवळ मनांतलें लपवूं नये. मात्र पलीकडच्या संघांतही कोणी डोकें लववून हेंच मागत असेल, याचें भान असावें. म्हणून त्या प्रार्थनेंत त्या संघाच्या गोलरक्षकाचें नांव घ्यावें. नांव ठाऊक नसल्यास विचारून घ्यावें. ज्याचें नांव घेऊन आपण सकाळीं देवापुढें उभे राहिलों, त्याच्या आईविषयीं दुपारीं तसे शब्द बोटांतून उतरत नाहींत. निदान उतरणें फार जड जातें. तो गुडघे दुखावून पडला, तर त्याला उठविण्यास हात आपोआप पुढें होतो. शलमोनाच्या नीतिसूत्रांत तर शत्रूच्या पडण्याचाही आनंद मानण्यास मनाई आहे. मग जो शत्रूच नव्हे त्याच्याविषयीं काय बोलावें?

आणि जीं मुलें या अकरांत नाहींत, त्यांच्याविषयीं दोन शब्द. तींही पहाटे साडेपांचलाच उठलीं. त्यांचेही पाय तितकेच दुखले. एका आईनें आम्हांस विचारलें, 'मुलगा खेळणारच नाहीं, मग आम्ही सामन्यास जाऊन काय करावें?' माउली, जावें. बाकावर बसलेल्या मुलास आपली आई प्रेक्षकांत शोधतां आली पाहिजे. तो उठून जखमी साथीदारास पाणी नेईल तेव्हां त्याच्याकडे पाहणारें कोणी असावें.

सामन्यास जाणाऱ्या पालकांनीं मध्यंतरासाठीं संत्रीं न्यावींत. तीं दोन्ही संघांस पुरतील इतकीं असावींत, आणि पहिली टोपली पलीकडच्या बाजूस पाठवावी.