खाणीतला वायू आणि सरकारचा कायदा

कोळसा फोडला की त्याच्या थरात कोंडलेला मिथेन मोकळा होतो. तो हवेहून हलका असल्यामुळे बोगद्याच्या छताशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेतले त्याचे प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असताना एक ठिणगीही पुरते. स्फोटातून वाचलेल्यांपैकी अनेकांना मागाहून पसरणारा कार्बन मोनॉक्साइड गाठतो. हे सगळे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे आणि बोगद्यात वारा खेळता ठेवण्याचा उपायही तितकाच जुना आहे. उपाय माहीत असूनही माणसे का मरतात, हे समजून घ्यायला चीनचा गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव फार बोलका आहे.

1983 नंतर चीन सरकारने गावोगावच्या लहान खाणींना मोकळीक दिली. नव्वदच्या दशकात त्यांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात गेली. 1992 मध्ये खाणसुरक्षेचा कायदा झाला. पण तो राबवायचा कोणी, तर ज्यांचा कारभार याच खाणींच्या पैशावर चालत होता त्या स्थानिक अधिकाऱ्यांनी. कित्येकांची तर खाणीत भागीदारीच होती. 1998 मध्ये लहान खाणी बंद करण्याची मोहीम निघाली, 2000 मध्ये स्वतंत्र तपासणी यंत्रणा उभी राहिली. पण कोळशाची मागणी वाढताच बंद पडलेल्या खाणींची तोंडे पुन्हा उघडली. 2002 या एका वर्षात चीनच्या कोळसा खाणींत 6,995 माणसे मेली.

दोष फक्त लहान खाणींचा, हा समजही फार टिकला नाही. ऑक्टोबर 2004 मध्ये दापिंग येथे 148, नोव्हेंबरमध्ये चेनजियाशान येथे 166 आणि 14 फेब्रुवारी 2005 रोजी फूशिनच्या सुनजियावान खाणीत 214 कामगार गेले. या तिन्ही मोठ्या, सरकारी मालकीच्या खाणी होत्या. सुनजियावानमध्ये खडकाला हादरा बसून एकदम वायू सुटला आणि वीज चालू ठेवूनच चाललेल्या दुरुस्तीच्या ठिणगीने तो पेटला.

या काळातल्या सरकारी धोरणाचे सूत्र बारा चिनी अक्षरांत बसवलेले आहे: आधी वायू काढा, मग कोळसा, मोजणी अखंड ठेवा, वारा असेल तेवढेच उत्पादन करा. यातले शेवटचे कलम सर्वांत मोलाचे. पंखा जेवढी हवा आत पोचवतो तेवढ्यावरच त्या दिवसाचा कोळसा ठरायचा, म्हणजे उत्पादनाचा आकडा मालकाच्या हातून काढून हवेच्या हाती द्यायचा. 2005 मध्ये अधिकाऱ्यांना खाणींतली भागीदारी सोडण्याचा हुकूम निघाला, तर 2006 मध्ये अपघात दडवणे हा फौजदारी गुन्हा ठरला. 2018 मध्ये मृतांची संख्या 333 वर आली. दर दहा लाख टनांमागे 2002 मध्ये जवळपास पाच माणसे मरत होती. 2018 पर्यंत हे प्रमाण 0.1 च्याही खाली उतरले. याचे सगळे श्रेय कायद्याला देता येणार नाही, कारण दरम्यान बरेचसे उत्पादन कमी वायूच्या थरांकडे आणि मोठ्या यांत्रिक खाणींकडे सरकले होते. तरी हजारो घरांतली कर्ती माणसे पाळी संपवून घरी परतू लागली, ही गोष्ट लहान नाही.

कायद्याची खरी परीक्षा छताखाली टांगलेल्या मिथेन सेन्सरपाशी होते. नियमाप्रमाणे कोळसा काढण्याच्या जागी मिथेन दीड टक्क्यावर गेला की वीज तोडून माणसे बाहेर काढावी लागतात. तेवढा वेळ उत्पादन बुडते आणि टनावर मजुरी घेणाऱ्याची कमाईही. सेन्सर ताज्या हवेच्या नळीजवळ सरकवला की आकडा आपोआप खाली येतो. 8 सप्टेंबर 2009 रोजी हेनान प्रांतातल्या पिंगदिंगशानच्या एका खाणीत 76 कामगार मेले. तिथल्या व्यवस्थापकांनी सेन्सर मुद्दाम निकामी करायला लावले होते, हे न्यायालयात सिद्ध झाले.

शिक्षेच्या पायऱ्यांनीही एक आडवाट तयार केली. 2007 च्या नियमांनुसार दहा किंवा तीस मृत्यूंचा टप्पा ओलांडला की चौकशी वरच्या पातळीवर जाते. त्यामुळे आकडा त्या टप्प्याखाली दाखवण्याचा मोह वाढतो. शिवाय माणसे मेल्यावरच जागा होणारा कायदा धोक्याकडे पाहतच नाही. ही उणीव मार्च 2021 पासून काही अंशी भरून निघाली: सुरक्षेची यंत्रे बंद पाडणे किंवा त्यांच्या नोंदी बदलणे यातून मोठ्या अपघाताचा खरा धोका निर्माण झाला, तर अपघात घडला नसला तरी तो गुन्हा झाला. त्याची शिक्षा कमाल एक वर्ष कैद एवढीच आहे. त्यानंतरही, 12 जानेवारी 2024 रोजी, त्याच पिंगदिंगशानमधल्या दुसऱ्या एका खाणीत कोळसा आणि वायू एकाएकी उसळून बाहेर आले. त्यात सोळा जण गेले.