ती घोणस नव्हती

बूट बांधू नका. आज पळायचं नाही. सगळे इथे पायऱ्यांवर बसा, आणि मी बोलतोय तोवर कोणीही घड्याळाकडे बघायचं नाही.

रविवारचा व्हिडिओ मी पाहिला. तुमच्यापैकी एकानेही मला काही सांगितलं नाही, शेजारच्या मुलाने त्याच्या फोनवर दाखवला. कात्रजच्या जुन्या बोगद्याकडून सिंहगडाच्या दिशेने निघालात, तिसऱ्या टेकडीच्या उतारावर साप वाटेत आडवा पडला होता. पुढचा गडी कानात इयरफोन घालून त्याच्यावरून टांग टाकून गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. मागची किंचाळली, ‘घोणस!’ आणि मग तू. हो, तुलाच म्हणतोय, खाली बघू नकोस. तू धोंडा उचललास. एक नाही, चार. कोणी हसत होतं, कोणी मोबाईल धरून उभं होतं. चौथ्या धोंड्यानंतर साप हलायचा थांबला आणि तुम्ही पुढे पळालात. गडावर जाऊन पिठलं-भाकरी खाल्लीत, फोटो काढलेत, घरी आलात.

ती घोणस नव्हती. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. आखूड, बोथट शेपूट. मानेपासून वेगळं न दिसणारं लहान डोकं. पाठीवर वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले डाग. ती डुरक्या घोणस होती. बिनविषारी. भुसभुशीत मातीत दडून राहणारा, उंदीर खाणारा जीव. घोणशीचं डोकं त्रिकोणी आणि मानेपासून सुटं दिसतं, पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. आठवीतल्या पोरांना मी हा फरक एका तासिकेत शिकवत असे. तुम्ही दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डोंगरात पळता. ज्या डोंगरात पळता तिथे कोण राहतं, हे जाणून घ्यावंसं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?

आणि समज, ती खरीच घोणस असती. तरी तुझा तो पहिला धोंडा मी माफ केला नसता. सापाला मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, ही एक गोष्ट. त्याहून मोठी गोष्ट अशी की धोंडा टाकायला तू सापापासून हातभर अंतरावर गेलास. घोणस आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत झेप घेते, डोळ्याचं पातं लवण्याआधी. दोन पावलं मागे सरला असतास तर काहीही होणार नव्हतं. तू दोन पावलं पुढे गेलास. आणि ती अर्धमेली होऊन करवंदीच्या जाळीत शिरली असती, तर तासाभराने सरपण गोळा करायला तिथे येणाऱ्या बाईचं काय झालं असतं? तिच्या पायात तुझ्यासारखे बारा हजारांचे बूट नसतात. तिच्या पायात झिजलेली चप्पल असते, आणि ती त्या जाळीत हात घालते.

तिचा विचार तुमच्यापैकी कोणी केला का? सन 2000 ते 2019 या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी 58,000. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक सगळे खेड्यांतले. शेतात वाकलेली, जमिनीवर झोपलेली, अंधारात परसाकडे गेलेली माणसं. ज्या वाटेला तुम्ही ‘ट्रेल’ म्हणता, ती त्या माणसांची रोजची वाट आहे. रात्री ती सापाची असते आणि पहाटे बिबट्याची. तुम्ही रविवारी चार तास तिथे जाता.

आता इयरफोनवाला. उठून उभा राहा.

घोणस चावण्याआधी सांगते. कुकरची वाफ सुटावी तसा तिचा फुत्कार असतो, शांत पहाटे तो दहा पावलांवरूनही ऐकू यावा. फुरसं वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं, लाकडावर करवत ओढल्यासारखा. नाग फणा काढतो, फुसकारतो. हे जीव माणसाला खात नाहीत. विष बनवायला त्यांना कष्ट पडतात, ते उंदरासाठी राखलेलं असतं. म्हणून ते आधी बजावतात. तू कानांत बोळे घालून त्यांचं बजावणं बंद केलंस. उद्या घोणस चावली तर गावभर सांगशील की ती न सांगता चावली.

उतारावर तुमचा वेग ताशी 12 किलोमीटर असतो. म्हणजे सेकंदाला तीन मीटरहून जास्त. डोळ्याने पाहिलं, मेंदूला कळलं आणि पाय थांबायला निघाला, यात अर्धा सेकंद जरी गेला तरी तुम्ही दीड मीटर पुढे गेलेले असता. पहाटेच्या अंधारात, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात सुक्या गवताच्या रंगाचा साप तुम्हाला किती लांबून दिसेल? हे गणित करून आपला वेग ठरवायचा असतो. जिथवर नजर गेली नाही तिथे पाय टाकायचा नाही. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कातळाची पायरी उतरताना पलीकडे काय आहे ते दिसत नसेल, तर थांबून वाकून बघायचं. आडवं खोड असेल तर आधी खोडावर पाय ठेवायचा, मग पलीकडे बघून खाली. सरळ उडी मारायची नाही. गुडघाभर गवतातून वाट जात असेल तर चालायचं. चालायला लाज वाटते तुम्हाला. का? घड्याळात सरासरी बिघडते म्हणून?

साप वाटेवर का येतो, हेही कोणी विचारलं नाही. त्याचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. उघडा कातळ आणि तुडवलेली माती लवकर ऊन धरते, उशिरा सोडते, म्हणून तो तिथे पसरतो. थंडीत तर घोणस सकाळच्या कोवळ्या उन्हाला मुद्दाम बाहेर येते, आणि तुमच्या शर्यतीही थंडीतच असतात. शिवाय तुम्ही जिथे पाणी प्यायला थांबता तिथे केळ्याच्या साली, चिक्कीचे तुकडे, जेलची फाडलेली पाकिटं टाकता. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मागच्या महिन्यात पाण्याच्या टाक्याजवळ तुम्ही टाकलेला कचरा मी स्वतः पिशवीत भरून खाली आणला आहे. तेव्हा गप्प बसलो, ती माझी चूक.

मण्यारीबद्दल वेगळं बोलतो, कारण ती बजावत नाही.

38 वर्षांपूर्वी मी एका खेड्यातल्या शाळेत नवा मास्तर होतो. श्रावणातली गोष्ट. वसतिगृहातला सहावीतला एक पोरगा पहाटे माझ्या खोलीशी आला, म्हणाला, सर, पोटात दुखतंय. मी त्याला ओवा आणि गरम पाणी दिलं, म्हटलं पडून राहा. तासाभराने आला तेव्हा त्याच्या पापण्या मिटत होत्या. मला वाटलं, रात्री झोपला नसेल. मी त्याला रागावलो. मग त्याला घोट गिळता येईना. तेव्हा मी घाबरलो, बैलगाडी जोडली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधी त्याचा श्वास थांबला. पुढे डॉक्टरांनी त्याच्या कोपराजवळ दोन बारीक टिंबं दाखवली. सूज नाही, रक्त नाही. मण्यार झोपेत चावते, मुंगी चावल्याइतकंही कळत नाही. पोटदुखी, मिटणाऱ्या पापण्या, अडकलेला घास ही तिची खूण, हे मला ठाऊक नव्हतं. मी विज्ञान शिकवत होतो आणि मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून अज्ञानाला मी निरागसपणा म्हणत नाही. म्हणून ऐका. मुक्कामी पळायला जाता तेव्हा देवळाच्या ओवरीत फरशीवर नुसती चादर टाकून झोपता. ते बंद. तंबू लावा, चेन पूर्ण ओढा, किंवा मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. पहाटे कोणाचं पोट दुखलं, कोणाचे डोळे उघडेनात, तर त्याला गोळी देऊन झोपवायचं नाही. गाडी काढायची.

आता दंशाचं. आमच्या एका शहाण्याने इंटरनेटवरून विष ओढायचा पंप मागवला आहे आणि तो पाठीवरच्या पिशवीत घेऊन पळतो. तो पंप आज इथे ठेवून जायचा. त्याने विष निघत नाही, वेळ जातो आणि जखम वाढते. दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ लावायचा नाही. चावलेल्या हातापायावरचं घड्याळ, अंगठी, कडं, बूट ताबडतोब काढायचं, कारण सूज आल्यावर तेच गळफास होतं. काठ्या आणि ओढणी बांधून तो अवयव हलणार नाही असा करायचा. चावल्याची वेळ लिहून ठेवायची. आणि दंश झालेल्याने पळायचं नाही! तुम्हा पळणाऱ्यांना हेच सगळ्यात अवघड जाणार आहे. तुमचं काळीज आधीच मिनिटाला दीडशे ठोके मारत असतं, त्यात घाबरून तुम्ही उतारावर धावत सुटाल आणि विष भराभर अंगात फिरवाल. बसायचं. बाकीच्यांनी उचलून न्यायचं. 108 ला फोन करायचा. एकटे असाल आणि रेंज नसेल, तरच चालायचं, तेही संथ.

साप कोणता हे दाखवायला तो मारून दवाखान्यात नेण्याची काही गरज नसते. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर मिळून एकच असते. डॉक्टर लक्षणं बघतात, रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतात. तुम्ही पळायला जाता त्या वाटेपासून सगळ्यात जवळ ही लस कुठे मिळते, रविवारी पहाटे 5 वाजता तिथे डॉक्टर असतो का, सांगा कोणीतरी. कोणीच नाही? शर्यतीचं पदक कुठे मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दगडावर टेकायच्या आधी, दगड उलटायच्या आधी काठीने ठोका. लाल विंचवाच्या डंखाने आपल्या कोकणात किती पोरं दगावत होती, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना विचारा. प्राझोसिन नावाचं औषध त्यावर चालतं, हे त्यांनी खेड्यात राहून सिद्ध केलं. पण औषध आहे म्हणून डंख ओढवून घ्यायचा नसतो.

बिबट्या दिसला तर पळायचं नाही. तुमची पाठ आणि तुमची धाव बघूनच त्याच्यातली शिकार जागी होते. वाकायचं नाही, लेस बांधायला बसायचं नाही, ताठ उभं राहून, हात वर करून, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरायचं. म्हणूनच पहाटे एकट्याने जायचं नाही. आग्या मोहोळाचं नेमकं उलटं. तिथे उभं राहायचं नाही, हात झाडायचे नाहीत, तोंड झाकून पळायचं. जितकं लांब जाता येईल तितकं. आणि त्याआधी कड्याखाली आरडाओरडा, अत्तरं, उडते कॅमेरे हे सगळं बंद.

गव्याबद्दल मला फार बोलवत नाही. डिसेंबर 2020 मध्ये कोथरूडात एक गवा शिरला होता, तुमच्यातल्या काहींनी तो पाहिला असेल. माणसं त्याच्यामागे धावली, ओरडली, मोबाईल घेऊन गच्च्यांवर चढली. तो घरांच्या मधून सैरावैरा पळत राहिला, धडकला, रक्ताळला. शेवटी जाळीत सापडला आणि त्याच दिवशी मेला. त्याने कोणाला मारलं नव्हतं. त्याला वाट हवी होती. रविवारी तुमचा व्हिडिओ बघताना मला तो गवा आठवला.

तुम्ही वाईट माणसं नाही, हे मला माहीत आहे. तुमच्यातल्या एकीने गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरचे बेडूक उचलून कडेला ठेवले होते, मी पाहिलं आहे. मग रविवारी तीही गप्प का उभी राहिली? एकाने ‘थांबा’ म्हटलं असतं तर पुरलं असतं. पुढच्याने हात वर करायचा, मागच्यांनी जागच्या जागी थांबायचं, घड्याळ बंद करायचं, साप आपल्या वाटेने जाईतो उभं राहायचं. पाच मिनिटं. नाहीच गेला तर लांबून वळसा.

तो व्हिडिओ आत्ता, माझ्यासमोर, सगळ्यांनी काढून टाकायचा. ज्यांना ज्यांना पाठवला त्यांना लिहायचं की तो साप बिनविषारी होता आणि आम्ही त्याला विनाकारण मारलं. याच शब्दांत.

पुढचे चार रविवार पळणं नाही. पहाटे साडेपाचला जुन्या बोगद्यापाशी यायचं, इयरफोन घरी ठेवून. चालत जायचं. लस मिळणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि कुठल्या टेकडीवर रेंज येते त्याची यादी येताना प्रत्येकाने हाताने लिहून आणायची.

आणि तू. तू माझ्याबरोबर सगळ्यांच्या पुढे चालायचंस. वाटेत काही दिसलं तर हात तू वर करायचा.