बाप्तिस्मा व नवा जन्म

मंडळीच्या वहींत बाप्तिस्मा झालेल्यांच्या यादींत ज्याचें नांव आहे, तो मनुष्य नव्यानें जन्मलेला आहे असें म्हणावें काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत तो तीन रूपांनीं वरचेवर पुढें येतो. रोमन कॅथलिक घरांतील मुलगी लग्न होऊन आमच्या मंडळींत येते, आणि तिला पुन्हां बाप्तिस्मा द्यावा कीं काय, याविषयीं पंचांत वाद पडतो. एखादीचें तान्हें मूल पाळक गांवीं येण्यापूर्वींच दगावतें, आणि ती माउली डोळ्यांत पाणी आणून विचारते, "माझें लेकरूं कोठें गेलें?" आणि एखादा तरुण, ज्याचा बाप्तिस्मा सहा महिन्यांचा असतां झाला, तो गुत्त्यांत बसून म्हणतो कीं, मी ख्रिस्तीच आहें, माझें नांव वहींत आहे. या तिघांसही खरें उत्तर मिळालें पाहिजे. म्हणून या विषयाचा दोन्ही बाजूंनीं विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रभु येशूनें नव्या जन्माचें बोलणें काढिलें तें कोणा दुराचाऱ्याजवळ नव्हे, तर निकदेम नांवाच्या एका प्रतिष्ठित परूश्याजवळ (योहान ३). आपल्या देशांत पुनर्जन्म हा शब्द उच्चारतांच चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा मनांत येतो. तो अर्थ येथें मुळींच नाहीं. मूळ ग्रीक शब्दाचे 'पुन्हां' आणि 'वरून' असे दोन अर्थ होतात. निकदेमानें पहिला अर्थ धरिला, आणि म्हातारा मनुष्य आईच्या उदरांत कसा शिरेल असें तो विचारूं लागला. प्रभूच्या मनांत मात्र वरून होणारा जन्म, म्हणजे देवापासून मिळणारें जीवन, होतें. आणि त्या जन्माविषयीं बोलतांना त्यानें पाणी व आत्मा या दोहोंचा उल्लेख केला. सगळा वाद या दोहोंच्या संबंधाविषयीं आहे. पाणी हें आत्म्याचें साधन आहे, कीं आत्म्याच्या कार्याची खूण आहे?

रोमन कॅथलिक मंडळीची शिकवण अशी आहे कीं, ज्याला मराठी कॅथलिक बंधु स्नानसंस्कार म्हणतात, त्या संस्कारांतच देव मनुष्याला नवा जन्म देतो. त्यानें आदिपाप धुतलें जातें, मनुष्य ख्रिस्ताच्या शरीराचा अवयव होतो, आणि त्याच्या आत्म्यावर असा ठसा उमटतो कीं तो पुढें कशानेंही पुसला जात नाहीं. म्हणून हा संस्कार दोनदां देतां येत नाहीं. इ. स. १५४७ सालीं त्रेंत येथील धर्मसभेनें हें मत नियमबद्ध केलें. संस्कार विधिपूर्वक झाला म्हणजे त्याच्या योगेंच कृपा मिळते, या त्या सभेच्या मतावरून आमच्यांतील पुष्कळांस वाटतें कीं, कॅथलिक लोक बाप्तिस्म्याला मंत्रतंत्रासारखें मानितात. हें म्हणणें न्यायाचें नव्हे. त्यांचा अभिप्राय असा कीं, कृपा देणारा ख्रिस्त आहे. ती पाळकाच्या पुण्याईवर अवलंबून नाहीं. म्हणूनच प्रसंग पडल्यास, मंडळीच्या हेतूप्रमाणें, पाण्यानें व पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नामानें कोणीही, अगदीं बाप्तिस्मा न झालेल्या मनुष्यानेंही, दिलेला बाप्तिस्मा ते खरा धरितात. प्रौढ मनुष्यापाशीं विश्वास व पश्चात्ताप पाहिजेच, असेंही ते शिकवितात. आणि तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यांत त्यांना एक मोठें सत्य दिसतें : ज्यानें अजून कांहींच केलें नाहीं, त्याला देव सर्व कांहीं फुकट देतो.

सुवार्तिक पक्षाचें म्हणणें असें कीं, नवा जन्म देवाच्या वचनानें व पवित्र आत्म्यानें होतो, आणि मनुष्य तो विश्वासानें स्वीकारितो. बाप्तिस्मा ही त्या कार्याची खूण होय. परंतु कॅथलिक मताशीं न जुळणाऱ्या सर्वांचें आपसांत एकमत आहे असें मात्र नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. बाप्तिस्म्यानें पापांची क्षमा मिळते, असें लूथरानें १५२९ सालच्या आपल्या प्रश्नोत्तरावलींत शिकविलें. वेस्टमिन्स्टर येथें १६४६ सालीं तयार झालेल्या मतांगीकारांत या विधीची हयगय करणें मोठें पाप म्हटलें आहे. तथापि त्यावांचून कोणाचा नवा जन्म होऊंच शकत नाहीं, किंवा ज्याचा बाप्तिस्मा झाला तो प्रत्येक जण खात्रीनें नवा जन्मलेला आहे, असें नाहीं, हेंही त्यांत स्पष्ट केलें आहे. बाप्तिस्त बंधु तर बालकांचा बाप्तिस्मा मुळींच मानीत नाहींत. या पाण्यावरून ख्रिस्ती लोकांनीं एकमेकांचे प्राणही घेतले. १५२७ च्या जानेवारी महिन्यांत झुरिक शहराच्या प्रॉटेस्टंट अधिकाऱ्यांनीं फेलिक्स मांझ यास प्रौढांच्या पुनर्बाप्तिस्म्याच्या कारणावरून लिमात नदींत बुडवून मारिलें. हा कलंक आमच्याच बाजूचा आहे. तो विसरून आपण दुसऱ्यांस दोष देऊं नये.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत शिमोन जादूगाराचा बाप्तिस्मा झाला, तरी त्याचें अंतःकरण देवासमोर सरळ नव्हतें. दहाव्या अध्यायांत कर्नेल्याच्या घरीं पवित्र आत्मा आधीं उतरला व पाणी मागून आलें. वधस्तंभावरील चोराला तर पाणी मिळालेंच नाहीं, आणि सुखलोक मिळाला. यावरून आत्मा पाण्याचा बांधील नाहीं हें उघड आहे. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथांतही, देवानें तारण बाप्तिस्म्याशीं जोडिलें असलें तरी तो स्वतः आपल्या संस्कारांनीं बांधला गेलेला नाहीं, असें सांगितलें आहे. परंतु आणखी एक गोष्ट लक्ष्यांत ठेविली पाहिजे. आत्मा मिळालेल्या कर्नेल्याला पेत्रानें 'आतां पाण्याची गरज नाहीं' असें म्हटलें नाहीं. त्याला बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली. जो पाण्याला तुच्छ मानितो तोही शास्त्राच्या बाहेर जातो.

आमच्याच महाराष्ट्रांतील एक उदाहरण विचार करण्याजोगें आहे. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वॉन्टेज येथें अँग्लिकन मंडळींत झाला. ज्या भगिनीसंघांत त्या राहत होत्या, तेथील वळण या बाबतींत कॅथलिक मताला जवळचें होतें. पुढें १९०७ सालच्या आपल्या साक्षींत बाईंनीं सांगितलें कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस कळून आलें कीं, धर्म आपण पत्करिला, परंतु खुद्द ख्रिस्ताची गांठ अजून पडलेली नाहीं. विल्यम हॅस्लम या अँग्लिकन पाळकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें, आणि त्यानें त्यांचा शोध अधिक तीव्र झाला. हा हॅस्लम पाळक असूनही १८५१ सालीं आपल्याच व्यासपीठावरून उपदेश करीत असतां पालटला होता. रमाबाईंचा नवा जन्म केव्हां झाला? सुवार्तिक म्हणेल, त्या आठ वर्षांनंतर. कॅथलिक म्हणेल, १८८३ सालीं पेरलेलें बीज तेव्हां उगवलें. हा वाद त्यांच्या चरित्रानें मिटत नाहीं. परंतु विधि झाला म्हणून त्यांनीं शोध थांबविला नाहीं, आणि जें सांपडलें तें आपली कमाई न म्हणतां देवाचें दान म्हटलें. या दोन गोष्टी दोन्ही पक्षांस मान्य व्हाव्यात.

आतां आरंभींच्या तिघांकडे येऊं. त्या नव्या सुनेला पुन्हां बाप्तिस्मा देऊं नये असें आमचें मत आहे. इ. स. २५६ च्या सुमारास कार्थेज येथील कुप्रियान व रोमचा अध्यक्ष स्तेफन यांच्यांत हाच वाद झाला. पुढें पाश्चात्य मंडळीनें असें ठरविलें कीं, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाहीं. पाण्यानें व त्रैक्याच्या नामानें यथाविधि दिलेला आमचा बाप्तिस्मा रोमन मंडळी खरा मानिते. आपण तिचा कां नाकारावा? बाप्तिस्त बंधु म्हणतील, हा दुसरा नव्हे, पहिलाच बाप्तिस्मा होय. त्यांच्या विवेकबुद्धीचा आम्ही मान राखितों. १९७० सालीं नागपूर येथें उत्तर भारताच्या मंडळीचें ऐक्य झालें, तेव्हां बालकांचा व प्रौढांचा असे दोन्ही प्रकार एकाच मंडळींत नांदूं शकतात असें ठरलें. त्या मुलीला पाण्याविषयीं विचारण्यापेक्षां, ती कोणावर विसंबून आहे तें प्रीतीनें विचारावें.

त्या माउलीला आमचें उत्तर एकच आहे. ज्या प्रभूनें बाळकांना कवटाळिलें, त्याच्या हातीं तुझें लेकरूं आहे. अगुस्तिनाच्या काळापासून या बाबतींत पुष्कळ कठोर शब्द लिहिले गेले. परंतु २००७ सालीं रोमन मंडळीच्या ईश्वरविज्ञान आयोगानेंही अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास बळकट आधार असल्याचें प्रसिद्ध केलें. पाळकाची वाट चुकली म्हणून देवाची वाट चुकत नाहीं.

राहिला तो तरुण. त्याला कोणत्याही पक्षांत आसरा नाहीं. कॅथलिक शिकवण त्याला सांगेल कीं, मिळालेली कृपा घोर पापानें गमावतां येते, तरी ऊठ आणि पश्चात्ताप कर. सुवार्तिक शिकवण सांगेल कीं, जेथें फळ नाहीं तेथें झाड जिवंत आहे हें कशावरून समजावें? पण याच ठिकाणीं आमच्या वाचकांनींही सावध असावें. कोणी वहींतील नांवावर विसंबतो, तर कोणी अमुक सभेंत अमुक दिवशीं माझ्या डोळ्यांना पाणी आलें या आठवणीवर विसंबतो. दोघेही कालच्या जेवणावर आज जगूं पाहतात. जन्मलेलें मूल जिवंत आहे कीं नाहीं हें कोणी जन्माच्या दाखल्यावरून ठरवीत नाहीं. तें श्वास घेतें, दूध मागतें, वाढतें, यावरून ठरवितात.

प्रिय बंधुभगिनींनो, येत्या रविवारीं तुमच्या देवळांत एखाद्याचा बाप्तिस्मा झाला, तर तो दुसऱ्याचा सोहळा म्हणून पाहत बसूं नका. त्या पाण्याकडे पाहून आपला बाप्तिस्मा आठवा, आणि घरीं गेल्यावर प्रार्थनेंत स्वतःस एवढें विचारा : गेल्या वर्षापेक्षां माझी जीभ सौम्य झाली काय? शेजाऱ्याशीं माझा बांधाचा तंटा मिटला काय? कोणाची क्षमा करावयाची राहिली आहे काय? उत्तर देतांना लाज वाटली, तर निराश होऊं नका. निकदेम रात्रीं आला होता. तरी प्रभूनें त्याला परत पाठविलें नाहीं.