अखेरचा रथ

महाभारताच्या शल्यपर्वात एक लहानसा प्रसंग आहे. युद्धाच्या गदारोळात वाचकाचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. अठरा दिवसांचे युद्ध संपले, दुर्योधन पडला आणि पांडव कौरवांच्या ओसाड शिबिरापाशी आले. तेथे श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितले की गांडीव आणि दोन्ही भाते घेऊन तू आधी खाली उतर, मी मागून उतरतो. अर्जुन उतरला. मग श्रीकृष्ण उतरले, ध्वजावरील कपी अदृश्य झाला आणि पाहता पाहता तो दिव्य रथ घोड्यांसकट जळून भस्म झाला. अर्जुनाने आश्चर्याने कारण विचारले, तेव्हा त्याला कळले की द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी रथ पूर्वीच दग्ध झालेला होता. भगवंत वर बसले होते म्हणून तो तोवर उभा राहिला. या कथेतून भगवंताचा महिमा सांगितला जातो तो योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. त्रैलोक्यातील श्रेष्ठ धनुर्धराला आपल्या रथातून उतरण्याची वेळ स्वतःला कळली नव्हती. ती दुसऱ्याने सांगावी लागली, आणि त्याने आधी उतरून मग कारण विचारले.

आजच्या गृहस्थाला रथ नाही, मोटार आहे. आणि तिच्याविषयी असाच एक प्रश्न साठीसत्तरीत प्रत्येकापुढे येतो. रायपूरच्या तात्यापारा भागात राहणाऱ्या एका बहात्तर वर्षांच्या गृहस्थांपुढे तो आला. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरकडून छत्तीसगडात आलेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक घर. गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी गुडघेदुखीने थकलेली, एकुलता मुलगा पुण्यात. त्यांच्या मोटारीला पंधरा वर्षे झाली आणि नोंदणीची मुदत संपली. तपासणी करून घेऊन ती पाच वर्षे वाढवता आली असती; पण गाडीची अवस्था पाहता नवी घेणेच बरे, असे सर्वांचे मत पडले. विक्रेत्याकडून आणलेली माहितीपत्रके ते एके रात्री चाळत होते, तेव्हा सहज एक हिशेब त्यांच्या मनात आला. नव्या मोटारीची नोंदणी कायद्याने पंधरा वर्षांची असते. पंचावन्नी उलटलेल्या चालकाचा परवाना मात्र एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो. म्हणजे सरकारनेच मोटारीचे आयुष्य पंधरा वर्षे धरले आहे आणि तिच्या धन्याचे पाच! आपण घेणार ती गाडी आपली अखेरची, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसले.

हा शेवटचा शब्द मनात शिरला की तो काय काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. शेजारचे एक स्नेही म्हणाले, "जन्मभर काटकसर केलीत. आधी स्कूटर, मग ती आठशे, मग ही. आता शेवटची गाडी तरी मनासारखी घ्या." सल्ला प्रेमाचा होता आणि गृहस्थांना तो गोड लागला. एक उंच, रुबाबदार, पांढरी गाडी कित्येक दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे होती. एरवी जी इच्छा बोलून दाखवण्याचीही त्यांना लाज वाटली असती, ती 'शेवटची' म्हणताच निर्दोष दिसू लागली. ययातीचे असेच झाले. पुत्राचे तारुण्य उसने घेताना त्यानेही मुदत घातली होती. हजार वर्षे उपभोगून झाल्यावर त्याला कळले की मुदत घातल्याने इच्छा मुदतीत संपत नाही. आधीच्या साऱ्या इच्छा ज्यात गोळा होऊन बसतात, ती अखेरची इच्छा सर्वांत अवजड असते.

मुलाने फोनवर उलट सांगितले, "बाबा, गाडी हवीच कशाला? फोनवरून टॅक्सी मागवा. पेट्रोल नको, विमा नको, गाडी कुठे उभी करायची ही कटकट नको." हा सल्लाही गृहस्थांना पटला. किंबहुना वैराग्याचा वास असल्याने तो अधिक उदात्त वाटला. वानप्रस्थाचे वय झाले, आता परिग्रह कमी करावा, असे ते दोन दिवस बोलू लागले. परंतु गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत ते येथे आठवावेत. मोहाने कर्तव्य सोडणे हा तामस त्याग. देहाला त्रास होईल या भयाने सोडणे हा राजस, आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. कर्तव्य करीत राहून आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. 'कटकट नको' म्हणून सोडलेली वस्तू कोणत्या वर्गात पडते, हे सांगण्यास पंडिताची आवश्यकता नाही. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकमान्यांनी हाच मुद्दा लावून धरला. त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे यांची कर्मभूमी रायपूरच होती आणि 1926 साली त्यांचा देहान्तही तेथेच झाला. त्यामुळे त्या शहरातील मराठी घरांत कर्मयोगाचा अर्थ नव्याने सांगावा लागू नये.

या गृहस्थांचे कर्तव्य कोणते होते? त्यांची थोरली बहीण चौबे कॉलनीत राहते, निपुत्रिक विधवा. तिचे मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोनदा तिला रक्तशुद्धीसाठी रुग्णालयात न्यावे लागते. चार तासांनंतर ती बाहेर येते तेव्हा तिच्याने उभे राहवत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत रायपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाते. टॅक्सीनेही नेता येते, हे खरे. मुलाचा सल्ला म्हणून चुकीचा नव्हता. बहीण नसती तर तो बरोबरच ठरला असता. पण टॅक्सीवाला बहिणीला हात धरून पायरी उतरवीत नाही.

येथे 'अपरिग्रह' या शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. देशी भाषांत त्याचे भाषांतर बहुधा 'जवळ काही न बाळगणे' असे होते आणि सद्गृहस्थ संकोचतो, कारण त्याला बाळगावे लागतेच. धातू 'ग्रह्', उपसर्ग 'परि'. चोहीकडून घट्ट धरणे हा मूळचा भाव. वस्तू हातात असणे वेगळे आणि मूठ अशी वळलेली असणे वेगळे की उघडण्याची वेळ आली तरी उघडत नाही. गरज म्हणाल तर ती काळाप्रमाणे बदलते. 1877 साली चौदा वर्षांचा नरेंद्र, पुढचे स्वामी विवेकानंद, नागपूरहून रायपूरला आला तो बैलगाडीने, अरण्यातून, कित्येक दिवस प्रवास करीत. कारण रेल्वे झालेली नव्हती. आज तेच अंतर मोटार पाचसहा तासांत काटते. म्हणून कोणते वाहन परिग्रह आणि कोणते नाही, हे वाहनाकडे पाहून सांगता येत नाही, मुठीकडे पाहून सांगावे लागते.

असो. येथपर्यंतचा विचार ठीक होता, परंतु मुख्य गोष्ट त्यात आलेलीच नव्हती. ती गृहस्थांनी कोणालाच सांगितली नव्हती.

माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिमला, महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर यात्रा भरते. त्या वर्षी ते पत्नीसह राजीवलोचनाच्या दर्शनाला गेले होते. परतताना अभनपूरच्या अलीकडे दिवेलागण झाली. समोरून येणाऱ्या वाहनांचा प्रकाश डोळ्यांत फुटत होता. एक मजूर सायकलवरून जात होता, सायकलीला दिवा नव्हता. तो त्यांना दिसला तेव्हा अंतर दोन हातांचे उरले होते. गाडी कशीबशी थांबली. मजुराने मागे वळून पाहिले आणि तो निघून गेला. डुलकी लागलेली पत्नी दचकून जागी झाली. "अहो, काय झालं?" गृहस्थ म्हणाले, "काही नाही. कुत्रं आडवं आलं."

परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्याचा दाखला लागतो. तो त्यांना मिळाला. डोळ्यांत कोणी पाहिलेही नाही, फक्त सही झाली. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष चालक होते. परंतु कायदा परवानगी देतो, कर्तव्य नेमून देत नाही. भारतातील रस्त्यांवर 2022 या एका वर्षात 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे अपघातात मेली. त्यांना मारणाऱ्यांत मारण्याची इच्छा असणारे जवळजवळ कोणीच नसणार. हिंसा बहुधा द्वेषातून होत नाही, 'मला अजून दिसते' या समजुतीतून होते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना अहिंसा आणि सत्य ही दोन पदे एकमेकांना लागून आली आहेत. अभनपूरच्या रस्त्यावर ती दोन्ही एकाच क्षणी हातची जात होती. पहिले थोडक्यात वाचले. दुसरे गेले.

द्रोणपर्वात सांगितले आहे की युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे, आणि अश्वत्थाम्याविषयीचे अर्धसत्य उच्चारताच तो जमिनीला टेकला. कोणालाही लागले नाही, चाक मोडले नाही, युद्धही जिंकले गेले. केवळ चार अंगुळांचे अंतर नाहीसे झाले, इतकेच. कुत्र्याची गोष्ट सांगितल्यापासून या गृहस्थांनाही गाडीत बसताना असेच काही जाणवत असावे. कारण माहितीपत्रके चाळूनही त्यांचा निर्णय महिनाभर होत नव्हता. इंजिन, रंग, किंमत यांची तुलना ते वारंवार करीत. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते तो टाळण्यासाठी मनुष्य दुसरे पुष्कळ प्रश्न उभे करतो.

शेवटी एका सकाळी पूजेनंतर त्यांनी पत्नीला खरे सांगितले. ती निरांजन पुसत होती. तिने मान वर न करता म्हटले, "मला ठाऊक होतं. कुत्रं असतं तर तुम्ही त्याला शिव्या घातल्या असत्या." मग थोड्या वेळाने म्हणाली, "गाडी घ्या. वन्संना न्यायला हवीच. पण आधी डोळे दाखवा. अंधार पडला की चालवायची नाही. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं. कारण विचारायचं नाही."

डोळे दाखविले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेने दृष्टी बरीच सुधारली; पाय ब्रेकवर जाण्यास जो अवधी लागतो तो मात्र कोणत्याही शस्त्रक्रियेने कमी होत नाही, हे नेत्रवैद्यांनी स्वच्छ सांगितले. शेजारचा एक कामसू तरुण रुग्णालयाच्या दिवशी वेतनावर यावा, असे ठरले. उरलेल्या दिवशी, उजेडात आणि गावातल्या गावात, गृहस्थ स्वतः चालविणार. हे ठरल्यावर गाडीची निवड दोन दिवसांत झाली! ती उंच पांढरी गाडी बाद झाली, कारण तिच्यात चढताना बहिणीला पाय उचलेना. बैठक अशी हवी की वाकावेही लागू नये आणि चढावेही लागू नये, गिअर आपोआप बदलणारे, ब्रेक उत्तम, हवेच्या सुरक्षा-पिशव्या पुढे आणि बाजूला. बहिणीला प्रत्यक्ष बसवून पाहिले. रंग विक्रेत्याकडे उपलब्ध होता तो घेतला. एक भोक चोप्रा रंग लागला, त्याचे नाव गृहस्थांना अजून सांगता येत नाही.

जुन्या गाडीचा प्रश्न मागे राहिला होता. बागेत काम करणाऱ्या माणसाच्या मुलाला ती फुकट द्यावी, असे गृहस्थांच्या मनात होते आणि त्या विचाराने त्यांना बरेही वाटत होते. परंतु तिचे ब्रेक त्यांना ठाऊक होते. ज्या कठोपनिषदात देहाला रथाची आणि बुद्धीला सारथ्याची उपमा दिली आहे, त्याच उपनिषदाचा आरंभ अशा दानापासून होतो. नचिकेत्याच्या पित्याने यज्ञात ज्या गाई दिल्या त्यांचे पाणी पिऊन झाले होते, गवत खाऊन झाले होते, दूध देऊन झाले होते. मुलाला ते पाहवले नाही आणि तेथून तो यमाच्या दारापर्यंत गेला. जे आपल्या पत्नीला बसविण्यास योग्य नाही, ते गरिबाच्या मुलाला देणे हे दान नव्हे. गाडी मोडीत काढण्याच्या अधिकृत केंद्रात गेली, प्रमाणपत्र आले, आणि आलेल्या पैशांत भर घालून त्या मुलाला एक नवी सायकल घेऊन दिली. पुढे आणि मागे दिवा असलेली.

आषाढातील एका दुपारी तेलीबांधा तलावाकडून परत येताना अकस्मात आभाळ काळवंडले आणि पाऊस कोसळू लागला. मागे बहीण बसली होती. काचेवरचे पाणी पुसले जात होते, रस्ता दिसत होता, निदान गृहस्थांना तसे वाटत होते. पत्नी म्हणाली, "थांबा." त्यांनी गाडी कडेला घेतली, किल्ली तिच्या हाती दिली आणि तरुणाला फोन केला. तो भिजत स्कूटरवरून येईपर्यंत तिघेही गाडीत गप्प बसून होते. कारण त्यांनी घरी पोचून चहा झाल्यावर विचारले.