मागच्या बाजूचे दोन दिवे

संध्याकाळचे सात. सदलग्यात नुकतीच लाईट जाऊन आली आहे. बाजारात कुणी ‘लाईट गेली’ म्हणतं, कुणी ‘करेंट’ गेल्याचं कन्नडमधून सांगतं. इन्व्हर्टरला दोन्ही भाषा सारख्याच. ऑफिस रिकामं झालंय. खुर्ची ओढा आणि नेटवर्क स्विचच्या रॅकसमोर बसा. डोळे मिटू नका, या मननाला ते उघडे लागतात.

आधी नुसतं ऐका. पंख्यांची घरघर रोजचीच, म्हणून ती आपल्याला ऐकूच येत नाही. आज मुद्दाम ऐका. मध्येच खरखर येते का? हंगामात ऊसगाड्यांनी उडवलेली धूळ पात्यांवर बसते, बेअरिंग घासतं, आणि अलार्म वाजायच्या बऱ्याच आधी आवाज बदलतो.

समोर पोर्टांचे हिरवे दिवे लुकलुकतायत. त्यांच्यात मन रमतं. आता उठा, टॉर्च घ्या, रॅकच्या मागे जा. तिथे दोन पॉवर सप्लाय आपापला दिवा घेऊन शेजारी शेजारी बसलेत. 230 व्होल्ट आत घेऊन स्विचला हवी तशी डी.सी. देणं हे त्यांचं काम. बहुतेक स्विचांत दोघे भार वाटून घेतात, बैलजोडीसारखे. पण बैल बसला तर गाडी थांबते. इथे एक बसला तरी गाडी चालतच राहते.

इथे जरा थांबा. दुसरा सप्लाय आपण घेतला तो धास्ती जावी म्हणून. धास्ती गेली, आणि तिच्याबरोबर मागे जाऊन बघणंही गेलं.

माझ्यावर ही पाळी आलेली आहे. एका पतसंस्थेत श्रावणातल्या सोमवारी सगळं बंद पडलं. मागे पाहिलं तर दोन्ही सप्लाय मेलेले. दोघे एकाच दिवशी कसे जातील? एक आधीच गेला होता, दुसरा एकटा ओढत होता. पहिला कधी गेला, हे शोधायला लॉग उघडला. लॉग स्विचच्याच मेमरीत, म्हणजे विजेबरोबर पुसलेला. वर स्विचची तारीख म्हणे 1 मार्च 1993! स्वतःची बॅटरी नसलेले काही जुने स्विच जागे झाले की तिथूनच मोजायला लागतात. मेल्याची तिथी कुणालाच ठाऊक नाही, असं ते मरण.

तेव्हापासून मी लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवतो, घड्याळ नेटवरून जुळवून ठेवतो, सप्लाय गेला की मोबाईलवर निरोप येईल अशी सोय करतो. तरी मागे जातोच. दोन्ही वायरींवरून बोट फिरवत भिंतीपर्यंत जातो. कितीदा तरी त्या एकाच एक्स्टेंशन बोर्डात सापडतात, मग दोन सप्लाय असून उपयोग काय?

आता पडद्यावर ‘शो एन्व्हायर्नमेंट’ टाइप करा. ओळी सावकाश वाचा. पंखा ठीक. तापमान? आकडा हिरव्या पट्ट्यात असला तरी मागच्या महिन्यापेक्षा किती चढला, ते बघा. सप्लायच्या आतल्या कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दर 10 अंशांना निम्मं होतं. चैत्रातली बंद खोली ते गुपचूप खाते. कॅमेऱ्यांना स्विचमधूनच वीज जात असेल, तर आणखी एक प्रश्न: एकट्या सप्लायला एवढं झेपेल का? तो हिशोब दोघे चालू असतानाच करून ठेवावा.

रोज मागे वळून बघणं या गावाला नवं नाही. जैन आचार्य विद्यासागर 10 ऑक्टोबर 1946 ला जन्मले ते याच सदलग्यात. जैन मुनी दिवसाचे दोष दिवस मावळतानाच प्रतिक्रमणात आठवतात, रात्रीचे पहाटे. साचू देत नाहीत. मशीनवाल्या माणसाला ही शिस्त चटकन पटते.

शेवटी हात मागे न्या. तळवा एका सप्लायच्या जाळीसमोर धरा. ऊब लागते. तसाच शेजारच्या जाळीसमोर न्या. घाई नको, तळव्याला कळायला थोडा वेळ लागतो.